ऑक्टोबरात येणारी लाट

२०२१ च्या ऑक्टोबरात बिलोलीच्या रस्त्यांवर प्रचाराच्या गाड्या फिरत होत्या. देगलूर विधानसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक ३० तारखेला होती आणि नांदेड जिल्ह्यातला, तेलंगणाच्या सीमेलगतचा बिलोली तालुका याच मतदारसंघात येतो. ही निवडणूक लागली तीच कोरोनामुळे. आमदार रावसाहेब अंतापूरकर एप्रिल महिन्यात कोरोनाने गेले आणि जागा रिकामी झाली. आता सभा, पदयात्रा आणि मतदानाच्या रांगा ज्या महिन्यात होणार होत्या, नेमका तोच महिना तज्ज्ञांनी धोक्याचा म्हणून सांगून ठेवला होता. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या तज्ज्ञ समितीने ऑगस्टमध्ये पंतप्रधान कार्यालयाला अहवाल दिला. तिसऱ्या लाटेचा कळस ऑक्टोबरच्या सुमारास येऊ शकतो, असं त्यात म्हटलं होतं. त्याआधी स्टेट बँकेच्या संशोधन विभागाने सप्टेंबरचा अंदाज दिला होता.

लाट आली नाही. ऑक्टोबरअखेर साऱ्या महाराष्ट्रात मिळून रोज हजार-दीड हजार रुग्ण सापडत होते. सहा महिन्यांपूर्वी, १८ एप्रिलला, हाच आकडा ६८ हजारांच्या वर गेला होता. मतदान झालं, रावसाहेबांचे चिरंजीव जितेश अंतापूरकर निवडून आले, दिवाळी पार पडली. तज्ज्ञ सांगतात तसं काही होत नसतं, असं मत पारापासून टीव्हीपर्यंत सगळीकडे पक्कं झालं. त्याला आधारही होता. त्याच वर्षाच्या सुरुवातीला जाणकारांनी साथ ओसरली म्हणून सांगितलं, आणि नंतरच्या दोन महिन्यांत नांदेड जिल्ह्यात खाट मिळवण्यासाठी लोकांना वणवण करावी लागली.

म्हणजे एकदा ‘संपली’ म्हणाले तेव्हा साथ आली आणि एकदा ‘येणार’ म्हणाले तेव्हा आली नाही. दोन्ही चुका एकाच मापाने मोजायच्या का? मोजू नयेत. पहिल्या चुकीने माणसं दगावली. दुसऱ्या चुकीने काही खाटा रिकाम्या राहिल्या. शिवाय या दोन अंदाजांच्या मागचं काम, त्यांच्या अटी आणि सरकारने त्यांचं पुढे काय केलं, हे सगळंच वेगळं होतं.

साथीचा अंदाज हा पावसाच्या अंदाजासारखा नसतो. हवामान खात्याने मृगाचा पाऊस लांबणार म्हणून सांगितलं, तर बिलोलीचा शेतकरी सोयाबीनचा पेरा थांबवतो, पण त्याच्या थांबण्याने पाऊस इकडचा तिकडे होत नाही. साथीत मात्र अंदाज ऐकून लोक घरात बसतात, लग्नं पुढे ढकलतात, लस घेतात आणि सांगितलेला आकडाच बदलून जातो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या नील फर्ग्युसन यांच्या गटाने १६ मार्च २०२० ला सांगितलं की, काहीच केलं नाही तर ब्रिटनमध्ये ५ लाखांवर आणि अमेरिकेत २२ लाख माणसं मरतील. पुढे ब्रिटनने टाळेबंदी केली, दोन देशांत मिळून इतके मृत्यू झाले नाहीत, आणि फर्ग्युसन यांनी उगाच घाबरवलं अशी ओरड झाली. ‘काहीच केलं नाही तर’ हे शब्द कुणी वाचलेच नव्हते.

साथीच्या अंदाजाचं गणित जन्माला आलं त्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. १९२७ साली एडिंबरामधले विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक या दोघांनी साथीच्या वाढीचं समीकरण मांडलं. केरमॅक यांची दृष्टी प्रयोगशाळेतल्या स्फोटात गेलेली होती. मॅकेंड्रिक यांनी भारतात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये अनेक वर्षं काम केलं होतं. लोकसंख्येचे तीन भाग करायचे: ज्यांना अजून लागण झालेली नाही ते, ज्यांना झालेली आहे ते, आणि जे बरे झाले किंवा गेले ते. माणसं एका भागातून दुसऱ्यात किती वेगाने सरकतात हे मोजलं की साथीचा चढ-उतार काढता येतो. कोरोनाच्या काळात जगभर वापरली गेलेली बहुतेक मॉडेलं याच मुळावर वाढलेली आहेत. आपलं समीकरण ताडून पाहायला या दोघांनी आकडे घेतले ते मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंचे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले, आठवड्याआठवड्याचे. कागदावरची रेघ आकड्यांवर जवळजवळ तंतोतंत बसली.

पण मुंबईतला प्लेग माणसाकडून माणसाकडे जात नव्हता. तो उंदरांत पसरायचा, पिसवांमार्फत माणसांत यायचा, आणि वर्षाच्या ठरावीक महिन्यांत वाढायचा, मग ओसरायचा. समीकरणात उंदीर नव्हते, ऋतूही नव्हते. तरी रेघ जुळली. झालेल्या गोष्टीवर रेघ जुळणं आणि ती गोष्ट का झाली हे कळणं यांत केवढं अंतर आहे, हे मुंबईच्या या आलेखाने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून ठेवलं होतं. २०२० मध्ये ते लक्षात ठेवायला हवं होतं.

टाळेबंदी सुरू होऊन महिना झाल्यावर, २४ एप्रिल २०२० ला, नीती आयोगाचे सदस्य डॉ. व्ही. के. पॉल यांनी पत्रकारांसमोर एक आलेख ठेवला. त्यातली नव्या रुग्णांची रेघ १६ मे रोजी शून्यावर टेकत होती. १६ मे आला तेव्हा देशात दिवसाला हजारोंनी रुग्ण वाढत होते. रुग्ण शून्यावर येतील असं कुणी म्हटलंच नव्हतं, गैरसमज झाला, असा खुलासा पॉल यांनी नंतर केला आणि त्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. दुसऱ्या टोकाला साथरोगतज्ज्ञ रामनन लक्ष्मीनारायण यांनी मार्चमध्येच सांगितलं होतं की, जुलैअखेर ३० ते ५० कोटी भारतीयांना लागण होऊ शकते. तेही त्या मुदतीत घडलं नाही. टीव्हीवर ही दोन्ही टोकं समोरासमोर बसवली जायची आणि पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागायचं नाही.

नांदेडला तेव्हा अंदाजाआधी तपासणीचीच अडचण होती. गुरुद्वारा तख्त सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनाला आलेले पंजाबचे सुमारे ४ हजार भाविक टाळेबंदीत अडकून पडले. महिनाभराने, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, बसगाड्यांनी त्यांची रवानगी झाली. निघताना ताप पाहिला गेला. पंजाबात पोचल्यावर घशाचे स्वॅब घेतले, तेव्हा हजारावर माणसं बाधित निघाली. मग दोन राज्यांत आरोपांच्या फैरी झडल्या. पंजाबचे मंत्री म्हणाले, महाराष्ट्राने तपासणी न करता पाठवलं. पालकमंत्री अशोक चव्हाणांनी ते फेटाळलं. लागण नांदेडात झाली की वाटेत, की गाड्यांच्या चालकांकडून, यावर दोन्ही बाजूंनी ठामपणे बोललं गेलं. मेच्या सुरुवातीला गुरुद्वारा परिसरातले वीसेक सेवेकरीही बाधित सापडले. या वादात खरी शिकण्याची गोष्ट साधी होती: लक्षणं नसलेला माणूसही आजार पसरवतो आणि कपाळावर धरलेल्या थर्मामीटरला तो सापडत नाही. त्याच आठवड्यात केंद्राने धोक्यानुसार जिल्ह्यांना रंग दिले, त्या यादीत नांदेड आणि लातूर दोन्ही ‘ऑरेंज झोन’मध्ये होते. तपासण्याच जिथे तोकड्या होत्या, तिथे झोनचा रंग कितपत भरवशाचा होता, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही.

भरवशाची एक मोजणी मात्र याच जिल्ह्यात चालू होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, देशभरातून ७० जिल्हे निवडले. त्यांत महाराष्ट्राचे सहा होते: बीड, परभणी, नांदेड, जळगाव, अहमदनगर आणि सांगली. प्रत्येक जिल्ह्यात दहा गावं किंवा वॉर्ड, प्रत्येक ठिकाणी चाळीस माणसं. दंडातून थोडं रक्त घ्यायचं आणि त्यात प्रतिपिंडं आहेत का, म्हणजे या माणसाला लागण होऊन गेली आहे का, ते बघायचं. यात भाकीत काहीच नाही, नुसती मोजणी आहे.

या मोजणीची आणि मॉडेलची गाठ २०२०-२१ च्या हिवाळ्यात पडली. विज्ञान व तंत्रज्ञान खात्याने नेमलेल्या समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलं की, देशात साथीचा कळस सप्टेंबरमध्ये होऊन गेला आहे आणि फेब्रुवारीपर्यंत ती आटोक्यात येईल. समितीचे प्रमुख आयआयटी हैदराबादचे एम. विद्यासागर. आयआयटी कानपूरचे मणिंद्र अग्रवाल आणि पुढे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर या दोघांचंही काम त्यात होतं. साधारण ३० टक्के लोकांना लागण होऊन गेली आहे, फेब्रुवारीपर्यंत हे प्रमाण निम्म्यावर जाईल, असं त्यांचं मॉडेल सांगत होतं. समितीने अटही घातली होती. लोकांनी काळजी घेणं सोडलं तर एका महिन्यात २६ लाखांपर्यंत बाधित वाढू शकतात, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं होतं. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत फेब्रुवारी आला, अट आली नाही.

आणि ४ फेब्रुवारी २०२१ ला आयसीएमआरने आपल्या तिसऱ्या पाहणीचा निकाल सांगितला. लागण होऊन गेलेल्यांचं प्रमाण निघालं साधारण २१ टक्के. पाचांतले चार भारतीय अजून या विषाणूच्या वाटेवर उघडे उभे होते. हे सांगणाऱ्या रक्ताच्या नमुन्यांत नांदेड जिल्ह्यातल्या गावांचेही नमुने होते. गणित निम्मं म्हणत होतं, रक्त एकपंचमांश म्हणत होतं. या दोन आकड्यांमधल्या फरकात कोट्यवधी माणसं होती. सरकारने त्यांतला सोयीचा आकडा धरला. खाटा उभारलेली कोविड केंद्रं ठिकठिकाणी बंद झाली. ७ मार्चला केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्ष वर्धन म्हणाले की, साथ आता शेवटच्या टप्प्यात आहे. त्याच्या दोन आठवडे आधी अमरावतीत टाळेबंदी लागलेली होती.

मॉडेल चुकल्याबद्दल शास्त्रज्ञांना दोष देणं सोपं आहे. विद्यासागर यांच्या गटाने नंतर चूक उघडपणे मान्यही केली. जास्त गंभीर दोष वाटतो तो मोजणी हाताशी असून तिच्याकडे पाठ फिरवण्याचा.

२४ मार्चला केंद्रीय आरोग्य सचिव राजेश भूषण यांनी देशातल्या सर्वाधिक सक्रिय रुग्णांच्या दहा जिल्ह्यांची नावं वाचली. पुणे, नागपूर, मुंबई, ठाणे, नाशिक, औरंगाबाद, बेंगळुरू, आणि मग नांदेड. जिल्हाधिकारी डॉ. विपीन इटनकर यांनी २५ मार्च ते ४ एप्रिल अशी जिल्ह्यात टाळेबंदी लावली. मराठवाड्यातल्याच बीडनेही जवळपास त्याच तारखा धरल्या. औरंगाबादेत मार्चअखेर टाळेबंदी लागणार होती. खासदार इम्तियाज जलील यांनी मोर्चाची हाक दिली, व्यापाऱ्यांनी विरोध केला आणि ऐन वेळी आदेश मागे घेतला गेला. नांदेडात २९ मार्चला होला मोहल्ल्याची मिरवणूक गुरुद्वाऱ्याबाहेर काढायला परवानगी नव्हती. जमाव फाटक तोडून बाहेर आला आणि तलवारींच्या हल्ल्यात पोलीस जखमी झाले.

हातावर पोट असलेल्या माणसाचा टाळेबंदीला विरोध होता आणि तो समजण्यासारखा होता. पहिल्या टाळेबंदीचं कर्ज फिटलेलं नव्हतं. आदेशाबरोबर ना किराणा येत होता, ना हप्त्यांना मुदत मिळत होती. विषाणूशी लढायचं म्हणून दहा दिवस दुकान बंद ठेवा, असं सांगणाऱ्या सरकारने त्या दहा दिवसांत आपण किती खाटा, किती ऑक्सिजन आणि किती माणसं उभी करणार आहोत, हेही त्याच कागदावर लिहायला हवं. टाळेबंदीने वेळ विकत घेता येतो. त्या वेळात काय करणार ते सांगितलं नाही, तर लोकांना टाळेबंदीचा फक्त जाच दिसतो.

५ एप्रिलपासून राज्यभर निर्बंध आले, १४ एप्रिलच्या रात्री संचारबंदी लागली. त्यामुळे नांदेडने लवकर बंद केल्याचा फायदा किती आणि औरंगाबादने न केल्याचा तोटा किती, हा हिशेब दोन्ही बाजू आपापल्या परीने मांडत राहिल्या.

बिलोलीकरांसाठी प्रश्न निराळाच होता. रुग्ण गंभीर झाला की न्यायचा कुठे? नांदेड सत्तर-ऐंशी किलोमीटर. मांजरा ओलांडून बोधनमार्गे निजामाबाद त्याहून जवळ. सीमेपलीकडे सोयरिक आहे, बाजार आहे, ओळखीचा डॉक्टर आहे. पण साथीचा प्रत्येक निर्णय राज्याच्या हद्दीत होत होता. सालुरा आणि सलाबतपूरच्या नाक्यांवर महाराष्ट्रातून येणाऱ्यांची तपासणी होऊ लागली आणि १२ मेपासून तेलंगणाने आपली टाळेबंदी लावली, सकाळी सहा ते दहा एवढीच मोकळीक ठेवून. मुंबईचा आलेख मुंबईला लागू पडत होता, हैदराबादचा हैदराबादला. दोन्हींच्या मध्ये राहणाऱ्या या तालुक्यासाठी कुणीच रेघ काढलेली नव्हती.

या तालुक्याची रेघ काढता आली असती, कारण त्यासाठी लागणारी माहिती गोळा होत होती. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम काढली. आशाताई दारात यायच्या, एका हातात तापमापी, दुसऱ्या हातात ऑक्सिमीटर. घरातल्या प्रत्येकाचं बोट चिमट्यात धरायचं, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, ९५ च्या खाली असेल तर पुढे पाठवायचं. कुणाला शुगर आहे, कुणाला बीपी, कुणाला दम लागतो, ते वहीत लिहायचं. सीमेवरच्या गावांत हे कधी मराठीत, कधी तेलुगूत, कधी दखनीत विचारावं लागायचं. कुठल्या गल्लीत आकडे घसरायला लागलेत हे त्या वहीला सगळ्यांत आधी दिसत होतं. ही वही वर जाताना तिची बेरीज व्हायची: तालुक्याची, जिल्ह्याची, राज्याची. प्रत्येक बेरजेत ती गल्ली हरवत जायची. आणि वही भरणाऱ्या या बायकांना जून २०२१ मध्ये, दुसरी लाट जेमतेम ओसरत असताना, मानधनासाठी राज्यभर संप करावा लागला.

गावाला आधी दिसलेलं वर जाताना हरवण्याचा मराठवाड्याला जुना अनुभव आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर वर्षभराने, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावच्या लोकांनी पिसवा फार झाल्याची तक्रार केली. उंदीर मरू लागले, मग काखेत-जांघेत गाठी आलेले तापाचे रुग्ण दिसू लागले. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली, लाखो लोकांनी शहर सोडलं, परदेशांनी विमानं थांबवली. हा प्लेग आहेच का, यावर तज्ज्ञांत महिनोन्‌महिने वाद चालला. शेवटी डॉ. रामलिंगस्वामी समितीने प्लेगच असल्याचं सांगितलं. तोवर व्यापाराचं प्रचंड नुकसान होऊन गेलं होतं. मामल्याच्या माणसांनी पिसवांबद्दल सांगितलं होतं ते या सगळ्याच्या कितीतरी आधी.

आता ऑक्टोबर २०२१ च्या लाटेकडे परत यायला हरकत नाही. केंद्राचे प्रधान वैज्ञानिक सल्लागार के. विजयराघवन यांनी ५ मेला तिसरी लाट अटळ असल्याचं म्हटलं. दोनच दिवसांनी ते म्हणाले की, कडक उपाय केले तर ती सगळीकडे येणारही नाही. त्यांनी शब्द फिरवला अशी टीका झाली, पण दुसरं विधान पहिल्यापेक्षा जास्त खरं होतं, कारण त्यात अट होती. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. जुलैच्या पाहणीत ६७ टक्क्यांहून जास्त लोकांत प्रतिपिंडं सापडली, आणि २१ ऑक्टोबरला देशात लसीच्या १०० कोटी मात्रा पूर्ण झाल्या. जुन्या विषाणूला पसरायला फारशी माणसं उरली नव्हती. नोव्हेंबरअखेर दक्षिण आफ्रिकेतून ओमिक्रॉनची खबर आली, जानेवारीत तिसरी लाट आली, दिवसाला साडेतीन लाखांच्या जवळ रुग्ण गेले, आणि मृत्यू मात्र दुसऱ्या लाटेच्या मानाने बरेच कमी झाले.

या लाटेत लहान मुलांना जास्त धोका आहे, हीही भीती मोठी होती. महाराष्ट्राने डॉ. सुहास प्रभू यांच्या अध्यक्षतेखाली बालरोगतज्ज्ञांचा कृती गट नेमला, मुलांसाठी वॉर्ड वाढवायचं ठरलं. मुलांवर तसं संकट आलं नाही. ती तयारी वाया गेली असं म्हणवत नाही. २ ऑक्टोबर २०२३ ला नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ मृत्यू झाल्याचं समोर आलं, त्यांत १२ नवजात बाळं होती. साथ नसतानाही या भागाला लहान मुलांच्या खाटा, परिचारिका आणि औषधं किती कमी पडतात, ते त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिलं. तिसऱ्या लाटेच्या धास्तीने जे उभं करायचं ठरलं होतं, ते मुलांवर संकट आलं नाही म्हणून सोडून द्यायचं नव्हतं.

तज्ज्ञांनी अंदाज देणं थांबवावं, असं कुणी म्हणू नये. अंदाजाबरोबर त्याच्या अटी, त्यामागचे आकडे आणि तो किती इकडे-तिकडे होऊ शकतो, हे मराठीत, सगळ्यांना दिसेल असं मांडावं. एप्रिल २०२१ च्या अखेरीस शेकडो भारतीय शास्त्रज्ञांनी पंतप्रधानांना जाहीर विनंती केली होती ती हीच: तपासण्यांची आणि रुग्णांची माहिती आम्हाला उघडी करून द्या. साथीच्या दुसऱ्या वर्षी, तेही चिता पेटत असताना, ही मागणी करावी लागली.

मृत्यूंचा हिशेब तर अजून वादातच आहे. २०२१ अखेर कोरोनाने गेलेल्यांचा सरकारी आकडा सुमारे ४ लाख ८० हजार होता. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये दोन वर्षांतले जादा मृत्यू ४७ लाखांच्या घरात सांगितले. भारत सरकारने त्या पद्धतीलाच आक्षेप घेतला: हे मॉडेल आहे, मोजणी नव्हे. आक्षेपात तथ्य असेल तर उत्तर मोजणीनेच द्यायला हवं होतं. नागरी नोंदणीत २०२० साली ८१ लाख मृत्यू होते, २०२१ साली १ कोटी २ लाख झाले. एका वर्षात २१ लाखांची वाढ, अर्थात कारणं सगळी कोरोनाची नव्हेत. हा आकडा लोकांपुढे आला मे २०२५ मध्ये. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे बिलोलीतल्या कुठल्याही गावात माणूस गेला की २१ दिवसांत ग्रामपंचायतीत नोंद करावी लागते. त्या नोंदींचा देशभराचा अहवाल यायला चार वर्षं लागली, आणि त्या चार वर्षांत साथीबद्दलचा प्रत्येक वाद त्या नोंदींवाचूनच लढला गेला.